उत्तरपक्ष पुढच्या वर्षी

आमच्या मंडळात दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर आधी त्याचीच परवानगी मिळवावी लागे. एकानं निबंध वाचला, की त्याला विरोध करणाऱ्यानं उभं राहून प्रथम त्याचंच म्हणणं मांडायचं, तेही "मी" म्हणून, जणू ते आपलंच मत आहे अशा थाटात. ऐकून निबंधवाल्यानं "होय, हेच" म्हटलं, तरच पुढे खोडायला सुरुवात. "नाही" म्हटलं, तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याचं म्हणणं तो पूर्वपक्ष, आणि त्यावर दुसऱ्याचं उत्तर तो उत्तरपक्ष. ही जुन्या शास्त्रीलोकांची शिस्त माझ्या बाबांनी मंडळात आणली होती. ते रत्नागिरीतल्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवत. "समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे, मग खोडा खुशाल," असं ते म्हणत. घरात मात्र आईचा पूर्वपक्ष त्यांनी कधी मांडून दाखवल्याचं मला आठवत नाही.

मंडळ अगदी लहान होतं. पुणे, कोल्हापूर, मुंबई आणि रत्नागिरी इथली काही प्राध्यापक मंडळी, दोनतीन पाद्री, एक निवृत्त न्यायाधीश, आणि नंतर मी. वर्षातून एकदा दोन दिवस जमायचं आणि विसाव्या शतकातल्या एका युरोपीय ख्रिस्ती धर्मचिंतकाच्या विचारांवर बोलायचं, एवढाच उद्योग. त्या गृहस्थांचं नाव आमच्या कोकणी जिभेवर कधी नीट बसलं नाही. बाबा त्यांना "आपले बुवा" म्हणत, आणि हळूहळू पुण्याचे लोकसुद्धा म्हणायला लागले. बुवांची सगळी पुस्तकं एका वाक्यात सांगायची तर ती अशी, की देव माणसाच्या दुःखाबाहेर उभा राहून ते बघत नाही, तो त्या दुःखाच्या आतच असतो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला त्याचा कंटाळा आला होता. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते आणि कुठलंही मोठं वाक्य ऐकलं की मला त्यातलं क्रियापद तपासून बघायची खोड लागली होती.

संस्कृतचे मास्तर या बुवांच्या नादी कसे लागले, तर पाद्रीकाकांमुळे. पाद्रीकाका मूळचे नगरकडचे. आमच्या इथल्या जांभ्या दगडाच्या लहानशा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ते पाळक म्हणून आले तेव्हा मी शाळेत होते. संस्कृत शिकायचं म्हणून ते बाबांकडे आले. फी म्हणून बाबांनी एकच मागणी केली, तुम्ही जे वाचता ते मलाही वाचायला द्या. मग काय, संध्याकाळ झाली की आमच्या ओटीवर दोघांची जुंपायची. बाबा रोज देवपूजा करत, बागेतल्या आंब्याच्या कलमांना मोहोर आला की वरच्या कोपऱ्यातल्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालत, आणि तरीही तुम्ही देव मानता का असं विचारलं तर म्हणत, "ते त्यालाच विचारा." पाद्रीकाकांना हे उत्तर चालत नसे. ते तावातावानं बोलत, बाबा शांतपणे चिमटे काढत, आणि आई आतून म्हणे, "जेवायला वाढलं तर उत्तरपक्ष होईल का कोणाचा?"

मंडळात दर वर्षी या दोघांची जोडी ठरलेलीच. पाद्रीकाका निबंध वाचणार आणि बाबा खोडणार. बाकीचे निबंध लोक डुलक्या काढत ऐकत, याला मात्र सगळे सावरून बसत.

पाद्रीकाकांना एकच मुलगा होता. माझ्याहून थोडा लहान. वडलांना शिकवताना बाबा त्यालाही सुभाषितं पाठ करायला लावत आणि तो मुद्दाम चालीवर म्हणून सगळ्यांना हसवत असे. मी नोकरीला लागल्यावर तो मला "बाई" म्हणून हाक मारायचा, आणि वाटेत भेटलो की हात जोडून उभा राहायचा, शाळेतल्या पोरींसारखा. मुंबईला एका छापखान्यात त्याला काम मिळालं होतं. सुटीवर येताना गोव्याकडे जाणाऱ्या एसटीतून तो पहाटे हातखंब्याला उतरला. रत्नागिरीची गाडी धरायला रस्ता ओलांडत होता. ट्रकनं त्याला उडवलं. त्याच्या पिशवीत आईसाठी घेतलेली चादर होती, ती तशीच घडीची मिळाली.

पावसाळा सरत आला होता. दफनाच्या दिवशी रत्नागिरीतले कितीतरी लोक गेले होते, आम्हीही गेलो. पाद्रीकाकांनी स्वतः प्रार्थना म्हटली. आवाज स्थिर होता. तेव्हा लोक म्हणाले, केवढी श्रद्धा. मला त्या स्थिर आवाजाची भीती वाटली होती.

त्यानंतर ओटीवरची बैठक बंद पडली. पाद्रीकाका येईनात, आणि बाबा जाईनात. बाबा एकदा रीतीप्रमाणे भेटून आले, ते लगेच परत आले. मग रोज संध्याकाळी पायांत वहाणा घालत, फाटकापर्यंत जात, आणि कलमांना पाणी मिळालंय की नाही ते बघून परत येत. ज्या कलमांना पाणी लागत नाही त्यांनाही बघून येत. आईनं एकदा स्पष्टच विचारलं.

"तुम्ही जात का नाही हो त्यांच्याकडे?"

"जाऊन बोलू काय?" बाबा म्हणाले. "ज्याला मी इतकी वर्षं खोडत आलो, त्याच्यासमोर आता कुठल्या तोंडानं बसू? सांत्वन करायला माझ्यापाशी देव नाही, आणि त्याच्यापाशी आहे तो काय म्हणतोय, ते विचारायचा धीर नाही."

"बोलायला कोणी सांगितलंन तुम्हाला?" आई म्हणाली आणि आत गेली. बाबांनी ते ऐकलं, पण त्यातलं त्यांना काही घेता आलं नाही. बोलणं हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्याला न बोलता जाणं म्हणजे रिकाम्या हातानं लग्नाला जाण्यासारखं वाटत असावं.

मंडळाची त्या वर्षीची सभा रत्नागिरीला भरायची आधीच ठरली होती. माघ महिना, कलमं मोहोरानं भरलेली, आणि पाहुण्यांच्या जेवणाची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात. सभेच्या आधी थोडे दिवस काकी आमच्याकडे आल्या. काकी म्हणजे पाद्रीकाकांच्या पत्नी. त्या दवाखान्यात नर्स होत्या, कमी बोलत आणि मुद्द्याचं बोलत. मी वालाला मोड आणायच्या खटपटीत होते, त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"मंडळातलं झालं की हे पाळकपणाचा राजीनामा देणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "चर्चच्या पंचांना सांगून ठेवलंय. नगरला भावाकडे जाऊ म्हणतात."

मी विचारलं, "का?"

"रविवारी उभे राहतात आणि नुसतं पवित्र शास्त्र वाचून दाखवतात. उपदेश करत नाहीत. मला म्हणाले, सांगण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही, आणि काही नसताना व्यासपीठावर उभं राहणं ही फसवणूक आहे." मग वालाच्या पंच्याची गाठ सोडत त्या म्हणाल्या, "मला जायचं नाही ग. माझं पोर इथं आहे. त्याला इथं ठेवून मी नगरला काय करू? तुझ्या बाबांना सांग. ह्यांना कोणी बोलतं करू शकलं, तर तुझे बाबाच करतील. गप्प राहूनच इथून गेले, तर हा माणूस पुन्हा कधी बोलायचा नाही."

मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी काय जादूगार आहे?" पण त्या दिवशी ते फाटकाकडे गेले नाहीत. ओटीवर बसून राहिले, पुस्तक न घेता.

सभेचा पहिला दिवस मला आठवतो तो रागामुळे. शाळेचं सभागृह, खिडक्यांतून येणारा खारा वारा, आणि अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक प्राध्यापक. विद्वान माणूस, त्यात शंका नाही. त्यांनी बुवांच्या दुःखविचाराचे तीन टप्पे केले, प्रत्येक टप्प्याचे पोटभेद केले, आणि दुःख या शब्दाचा इतका सफाईनं वापर केला, की तो शब्द कोणा माणसाच्या अंगाला कधी लागला असेल असं वाटेना. पाद्रीकाका मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. पांढरा झब्बा, दाढी न केलेली. प्राध्यापक दर वेळी "दुःख" म्हणत तेव्हा मला उठून त्यांच्या हातातले कागद काढून घ्यावेसे वाटत होते. मी उठले ती फक्त चहा सांगायला. चहा बरा झाला होता, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी पाद्रीकाकांची पाळी होती. नाव पुकारल्यावर ते पुढे गेले. हातात कागद नव्हता. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले.

"मला या वर्षी काही म्हणायचं नाही," ते म्हणाले. "मंडळानं क्षमा करावी." आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

अध्यक्षांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी खाकरून, अगदी हळुवार आवाजात म्हटलं, की आपण सगळेच आपल्या बंधूंच्या शोकात सहभागी आहोत, तेव्हा हे सत्र इथेच संपवून आपण भोजनाकडे वळू. वाईट काही म्हणाले नाहीत ते. पण मी काकींकडे पाहिलं. त्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात बाबा उठले. "अध्यक्षमहाराज, माझी पाळी राहिली आहे."

"पण निबंधच झालेला नाही," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर कशाला देणार?"

"उत्तर नंतरचं. आधी पूर्वपक्ष मांडायचा हा नियम आहे."

"निबंधच नाही, तर पूर्वपक्ष कशाचा?"

"निबंध नसेल, पक्षकार समोर बसलाय ना?" बाबा म्हणाले. "इतकी वर्षं ऐकतोय मी त्यांना. माझ्या ओटीवर ऐकलंय. पाठ झालाय मला त्यांचा पक्ष. मी मांडतो. चुकलो तर ते नाही म्हणतील."

अध्यक्षांनी पाद्रीकाकांकडे पाहिलं. पाद्रीकाकांनी मान वर केली नाही, नकारही दिला नाही. बाबा टेबलापाशी गेले. माझे बाबा बोलायला उभे राहिले की नेहमी धोतराचा सोगा सावरत, त्या दिवशी विसरले.

"मी म्हणतो," त्यांनी सुरुवात केली, "की देव आहे."

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. नियमाप्रमाणे ते दुसऱ्याचं वाक्य होतं, हे मला कळत होतं, तरी मी सावरून बसले.

"मी म्हणतो, की तो वर बसून हिशेब करत नाही. माणूस जिथे मोडतो, तिथे तो असतो. मला लोक विचारतात, मग तो हात पुढे का करत नाही? मी म्हणतो, मला माहीत नाही. माहीत असल्याचं सोंग मी कधी केलेलं नाही. मी प्रार्थना म्हणतो ती माहिती मिळावी म्हणून नव्हे. तहान लागल्यावर माणूस पाणी म्हणतो, तसं मी त्याचं नाव घेतो. मी इथल्या आजाऱ्यांपाशी बसलो आहे, मेलेल्यांना मातीत ठेवलं आहे, आणि कोणालाही मी असं म्हटलेलं नाही, की हे तुमच्या पापाचं फळ आहे. असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी मी भांडलो आहे."

बाबा असं बराच वेळ बोलत राहिले. कागद नाही, अडखळणं नाही. ओटीवरच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी कुठे साठवून ठेवल्या होत्या कोण जाणे. पाद्रीकाकांच्या लकबीसुद्धा त्यांच्या तोंडी आल्या होत्या. ज्या वाक्यांवरून ते चिमटे काढत, तीच ते इतक्या प्रेमानं म्हणत होते, की आपल्या माणसाचे कपडे कोणीतरी नीट घडी करून ठेवतंय असं मला वाटलं. पाद्रीकाका खाली बघत होते. हात मांडीवर होते. आणि मग बाबा शेवटाकडे आले.

"म्हणून मी माझ्या माणसांना सांगतो, भिऊ नका. वाटेवर, वहिवाटीवर, रानात, पाण्यात, जिथे तुमचा पाय पडेल तिथे तो तुमच्या पुढे आहे. तुमची, तुमच्या मुलाबाळांची तो राखण करतो आहे."

आमच्याकडे हे शब्द कुठून येतात ते कोणाही कोकणातल्या माणसाला सांगायला नको. ते गाऱ्हाण्याचे शब्द होते. राखणदारापुढे नारळ ठेवून बाबा दर वर्षी हेच म्हणत, आणि मागे उभे असलेले आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणत असू. बोलण्याच्या ओघात बाबा पाद्रीकाकांच्या ओळीवरून घसरून आपल्या बागेच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन पोचले होते. मागच्या बाकावरच्या आमच्या एका रत्नागिरीकर सभासदानं तर सवयीनं "होय" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. ते पाद्रीकाकांकडे वळून, नियमाप्रमाणे, वाट बघत उभे राहिले.

"नाही," पाद्रीकाका म्हणाले.

हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं. बाबा गोंधळले. "कुठे चुकलं?"

"राखण." पाद्रीकाका उभे राहिले. "राखण मी कधी म्हटलेलं नाही. हा तुमचा शब्द आहे, गुरुजी, माझा नाही." त्यांचा आवाज खरखरत होता. पुष्कळ दिवस न वापरलेला. "आमच्या गावी जोंधळ्याच्या राखणीला बसतात. पाखरं हाकलतात. पाखरांनी पीक खाल्लं, तर राखणदाराला धनी जाब विचारतो. देवाला मी राखणीला ठेवला असता, तर हातखंब्याच्या रस्त्यानंतर मला त्याला कामावरून काढावं लागलं असतं. गेले काही महिने मी तेच करत होतो. त्याला जाब विचारत होतो. तू कुठे होतास, म्हणून."



"मी लहान असताना माझे वडील गेले," ते पुढे म्हणाले. "घरात आई आणि आम्ही भावंडं. शेजारची एक म्हातारी रोज सोबतीला निजायला यायची. महिनाभर आली. तिला धड दिसत नव्हतं. चोर आला असता, तर तिनं काय केलं असतं? काही नाही. साप निघाला असता, तर आम्हालाच तिला उचलून बाहेर न्यावं लागलं असतं. पण ती दाराशी गोधडी टाकून निजायची, आणि आई झोपायची. बुवांची पुस्तकं मी मोठेपणी वाचली. वाचताना मला प्रत्येक पानावर ती म्हातारी दिसायची. म्हणून मी त्याला सोबत म्हणतो. राखण नाही, सोबत. एवढंच मला म्हणायचं होतं. हेच मी विसरलो होतो."

ते "विसरलो होतो" म्हणाले आणि मग त्यांना रडू आलं. सगळ्यांसमोर, उभ्यानं. दफनाच्या दिवशी स्थिर राहिलेला तो आवाज त्या दिवशी एकदाचा फुटला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. काकी दारातून पुढे आल्या नाहीत. पदर तोंडाला लावून तिथेच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि हातातच धरून ठेवला. भोजनाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, हे मी त्यांच्या खाती आजही जमा धरते.

बाबा टेबलापाशी तसेच उभे होते. पाद्रीकाका शांत झाल्यावर ते म्हणाले, "चुकलो मी. इतकी वर्षं ऐकत होतो, आणि मूळ शब्दच चुकीचा ऐकलान माझ्या कानानं. पुन्हा मांडतो." आणि त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा मांडलं. "मी म्हणतो, की देव माझी राखण करत नाही. तो माझ्या सोबतीला आहे. त्याच्याच्यानं काही झालं नाही, तरी तो दारातून उठून जात नाही."

पाद्रीकाकांनी मान डोलावली. "होय. हेच."

आता उत्तरपक्ष. सगळे बाबांकडे बघत होते. इतक्या वर्षांत बाबांनी एकदाही पूर्वपक्ष न खोडता सोडला नव्हता, आणि तो खोडायची निदान त्या दिवशी कोणाची छाती झाली नसती. बाबांना खोटी माघार घेता येत नसे. मला पटलं असं ते म्हणाले असते, तर ते पाद्रीकाकांना लगेच कळलं असतं, आणि दया केल्यासारखं वाटलं असतं.

"माझ्यापाशी या घटकेला उत्तर नाही," बाबा म्हणाले. "मला वेळ हवा. उत्तरपक्ष पुढच्या वर्षी." मग पाद्रीकाकांकडे बघून, शाळेत वर्गावर बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले, "आणि पूर्वपक्षकार हजर असल्याशिवाय उत्तरपक्ष मांडता येत नाही, हाही नियम आहे. तेव्हा तुम्हाला इथे असावं लागेल."

हा नियम मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. अध्यक्षांनीही ऐकला नसावा. पण ते क्षणभर विचार करून म्हणाले, "अर्थात. नियमच आहे."

पाद्रीकाकांनी राजीनामा दिला नाही. पंचांना त्यांनी एवढंच सांगितलं, की मंडळाचं एक काम अर्धवट राहिलंय. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेश केला. काकी म्हणाल्या, फार लहान केला आणि मधेच अडखळले, पण पुस्तक मिटून केला.

बाबांचं मी सांगायला हवं. सभा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वहाणा घातल्या, फाटकापर्यंत गेले, आणि फाटक उघडून बाहेर पडले. दिवेलागणीला परत आले. आईनं विचारलं, "काय बोललात?" बाबा म्हणाले, "काही नाही. बसलो." मग रोजचं झालं. एकदा पाहुणे आले म्हणून मी त्यांना बोलवायला गेले, तर दोघं पडवीत बाकावर शेजारी शेजारी बसलेले. मधे पुस्तक नाही, वाद नाही. समोर माडांच्या शेंड्यांवरून ऊन उतरत होतं. काकी आतून भांडी आवरत मला म्हणाल्या, "असेच असतात ग दोघं. मी पण माझी कामं करते. घरात कोणीतरी आहे एवढंच." मी बाबांना न बोलावताच परत गेले आणि पाहुण्यांना काहीतरी थाप मारली.

पुढच्या वर्षी सभा कोल्हापूरला होती. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "तयारी झालेली नाही. पुढच्या वर्षी." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग तो मंडळाचा एक ठरलेला विनोद होऊन बसला. कार्यक्रमपत्रिकेत "प्रलंबित उत्तरपक्ष" असं छापून येई, बाबा उठून मुदत मागत, लोक हसत, आणि पाद्रीकाका हात जोडून म्हणत, "मी हजर आहे." मला कधी कधी वाटे, बाबांपाशी उत्तर केव्हाच तयार असेल. एकदा मी विचारलंही. बाबा चिडले. "तयार असतं तर दिलं नसतं? मी काय वेळकाढूपणा करतोय?" आणि मग जरा वेळानं, "नाही गो. खरंच नाही सापडत."

बाबा गेले ते आजारानं, अंथरुणात. शेवटच्या दिवसांत बोलणं फार कमी झालं होतं. पाद्रीकाका रोज येऊन पलंगाशी खुर्ची ओढून बसत. तोवर ते निवृत्त झाले होते आणि तरीही नगरला गेले नव्हते. एका दुपारी बाबांनी डोळे उघडून त्यांना ओळखलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी." पाद्रीकाका म्हणाले, "हो गुरुजी. घाई नाही."

त्या हिवाळ्यात मंडळाची सभा पुन्हा रत्नागिरीला भरली. त्याच सभागृहात, त्याच खाऱ्या वाऱ्यात. अध्यक्ष नवीन होते, मुंबईचे, नीटनेटका माणूस. बाबांना श्रद्धांजली झाल्यावर त्यांनी कार्यक्रमपत्रिका हातात घेतली आणि संकोचानं म्हणाले, की प्रलंबित उत्तरपक्षाचा विषय आता मिटवून टाकावा लागेल. उत्तर देणारेच राहिले नाहीत, तेव्हा मंडळाची हरकत नसेल तर तो काढून टाकू. पूर्वपक्षकारांचं काय म्हणणं आहे?

पाद्रीकाका मागच्या बाकावरून उठले. फार म्हातारे दिसत होते. उठताना त्यांनी समोरच्या बाकाला धरलं.

"काढू नका," ते म्हणाले. "त्यांनी मुदत मागितली आहे. मी थांबतो."